गारगोट्यांतली रोपं

९ मार्च, सकाळ

चि. खडेबाईस,
अनेक आशीर्वाद.

तू शाळेतून यायचीस तेव्हा तुझ्याआधी तुझ्या फ्रॉकचा खिसा वाजायचा. वेचलेल्या खड्यांचा खुळखुळ. आई आतूनच म्हणायची, "आली, खाण घेऊन आली." आज जाग आली ती त्याच आवाजाने.

इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, त्याला मी दाद देत नाही. आई असती तर म्हणाली असती, पाल्हाळ पुरे. बरं.

त्या वाळवंटी उतारावर तू मला नेलंस, त्याला तीन वर्षं झाली. मला नुसत्या गारगोट्या दिसत होत्या. मग तू हात धरून खाली बसवलंस, तेव्हा एक गारगोटी मधोमध चिरलेली दिसली आणि चिरेतून वर आलेलं पिवळं फूल. ती गारगोटी नव्हतीच, गारगोटीसारखं दिसणारं दोन जाड पानांचं रोप होतं. तू म्हणालीस, "बाबा, जुनी पानं सुकतात ना, त्यांचंच पाणी पिऊन नवी जोडी वाढते." मी गुणगुणायला लागलो. तू हसलीस. "कविता खुशाल करा. पण जागा कुणाला सांगायची नाही. ही जात एवढ्या एकाच उतारावर उरलीय."

मी कुणाला सांगितलं नाही. लिहिलं.

शाळेने अंकासाठी जुन्या शिक्षकांकडून लेख मागवले होते. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, वर्णन असं करा की वाचणारा तिथे पोचला पाहिजे. मोडकी पवनचक्की, तिच्या पूर्वेचा काळा डोंगर, कोरडा ओढा, सगळं आलं. वाचणारे पोचले.

पुढच्या हिवाळ्यात तुला तिथे फक्त खड्डे सापडले. तू फोन केलास. "एकही ठेवलं नाही, बाबा. जागा आम्हा दोघांनाच माहीत होती. त्यानेच ती रोपचोरांना विकली." तो म्हणजे तुझा सहकारी, सहा वर्षं तुझ्याबरोबर उन्हात रोपं मोजणारा. मी तर मनातल्या मनात त्याला जावई करून टाकलं होतं. तू त्याला तोडलंस, त्याची नोकरी गेली. तुझ्या मोजणीत मी नव्हतोच. बापाला कोण मोजतं? आणि मी काय म्हणालो, आठवतं? "माणूस ओळखता येत नाही गं."

तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे भ्यालो. तू एकटीच तर उरली होतीस मला. त्या रोपांत जुनं पान नव्यासाठी सुकतं. मी तुझं पाणी पिऊन हिरवा राहिलो.

थांब, दार वाजतंय.

तो आला आहे. केस पिकलेत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "सर, बसत नाही. ती बरी आहे ना, एवढंच विचारायचं होतं." हाताला धरून आत आणला, पाणी दिलं, आणि लिहिलेली पानं पुढ्यात ठेवली. हे शेवटचं पान त्याच्यासमोर बसून लिहितोय. तो वाचतो आहे. पाण्याला हात लावलेला नाही.

मला उत्तर लिहू नकोस. आधी त्याला लिही.

तुझा अपराधी,
बाबा