लाँड्रीच्या भिंतीवरची ओळ

दि. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनानं भरतेस, म्हणून पत्रच लिहितो. इकडे सगळे ठीक. निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत आणि घरात आतापासूनच धास्ती पसरलीय, की हा माणूस दिवसभर घरी बसून काय काय पुसत सुटेल! लोकांनी रंगवलेल्या भिंती पालिकेसाठी एकतीस वर्षं पुसल्यावर दुसरं येतं तरी काय मला?

परवा एक गोष्ट घडली. कालव्याकडेच्या बंद लाँड्रीच्या मागच्या भिंतीची तक्रार आली. कुणीतरी काळ्या स्प्रेनं अचकट विचकट लिहून ठेवलं होतं. भिंत खाजगी, म्हणजे आधी मालकाला नोटीस, मग त्याची लेखी संमती, आणि संमतीपासून महिन्याच्या आत आम्ही पुसायचं, आधीचा आणि नंतरचा फोटो जोडून तक्रार बंद करायची. जुन्या मालकाच्या नातवानं लगेच सही दिली. पाण्याचा जेट मारला तसा स्प्रे गेला, त्याच्याबरोबर चुन्याचे जुने थर पापुद्र्यासारखे सुटले आणि खालून लाल तेलरंगातली एक ओळ वर आली. "माझी आई चोर नाही."

अक्षरं कमरेच्या उंचीवर, उजवीकडे घसरत गेलेली. कुणा लहान मुलाची असणार. ताई, आजवर मी भिंतीवर शिव्या वाचल्या, बदामातली नावं वाचली, पुढाऱ्यांचे जयजयकार वाचले. असं काही वाचलं नव्हतं. मी पंप बंद करायला लावला.

मी तान्हा असताना आई त्याच लाँड्रीत इस्त्रीला होती ना? कुणाचं पोर असेल, तुला काही आठवतं?

भाऊजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोपळ्या

दि. ११ जून

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू निघाला. आता घरातली जळमटं इतकी लख्ख दिसतात की आधीच बरं होतं असं वाटतं. तुझे भाऊजी म्हणतात, डॉक्टरांनी तुला डोळा दिला आणि मला शिक्षा. आपल्या जुन्या शेजारच्या शिंपीणबाई भेटल्या होत्या, विचारत होत्या, तुझा भाऊ अजून तसाच गुबगुबीत आहे का. त्यांना काय सांगू, भोपळ्याचं आता पडवळ झालंय म्हणून? त्यांची ती खोडकर बकरी आठवते का, राणी? तुझं टोपडं खाल्लं होतं तिनं.

भिंतीचं म्हणशील तर पुसून टाक. नियम तो नियम. इतक्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं?

तब्येतीला जप. पत्र लिहायचा आळस करू नकोस.

तुझी,
ताई

दि. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंचावन्न वर्षांपूर्वीच्या बकरीचं नाव तुझ्या लक्षात आहे आणि भिंत नाही?

काल तुझं पत्र खिशात घेऊन मी लाँड्रीवर गेलो. तू 'माझी'तल्या 'झ'ची शेपटी आत वळवून तिला गाठ मारतेस. मी लहान असताना त्यावरून तुला चिडवायचो. भिंतीवरच्या 'झ'लाही तशीच गाठ आहे.

ताई, मी आता छप्पन्न वर्षांचा आहे. काय ते सांग. चार जुलैला मुदत संपते, आणि कळल्याशिवाय माझा हात चालायचा नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

तुझा,
भोपळ्या

दि. २१ जून

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन कागद फाडले, हा चौथा.

तू सहा महिन्यांचा होतास, मी अकराची. त्या थंडीत तुझी छाती भरली होती. एक दिवस आई भर दुपारी घरी आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. लाँड्रीतल्या दोन मऊ चादरी नाहीशा झाल्या होत्या आणि मुकादमानं सगळ्या बायकांसमोर तिचं नाव घेतलं होतं. माझं डोकंच फिरलं. सुतारकाकांच्या ओट्यावरचा लाल रंगाचा डबा उचलला, लाँड्रीमागे गेले आणि लिहून आले. कुणीतरी जाऊन आईला सांगितलं.

ती उठली. बादली आणि ब्रश घेऊन गेली आणि घासत बसली. रस्त्यावर माणसं उभी होती. मी ओरडून सांगत होते की पुसू नकोस, खरं तेच लिहिलंय. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. तेलरंग तो, नुसता फिका झाला. पुढे मालकानं वरून चुना मारला. आईची नोकरी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी तुझं दुपटं बदलताना त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेला लाँड्रीचा नंबर दिसला. मी कात्रीनं तो कापला आणि चुलीत टाकला.

घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली आणि सगळ्या लोकांसमोर तिला खाली बघायला लावलं. ती जाईपर्यंत आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. त्या रस्त्यानं मी पुन्हा गेले नाही. तुला यातलं काही कळू नये असं मला फार वाटायचं.

आता पुसून टाक, बाळा. तिचं अर्धं राहिलेलं काम आहे ते.

मला कमी लेखू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
ताई

दि. २६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चोरीच्या मालात गुंडाळलेला मी जगलो आणि शिक्षा तुम्ही दोघींनी भोगली.

आता माझ्याजवळचं ऐक. तुझं लग्न होऊन तू गेल्यावर आई मला शाळेतून आणायला यायची. जवळची वाट सोडून कालव्याकडून न्यायची. मी पाय दुखतात म्हणून कुरकुर करायचो. त्या पांढऱ्या भिंतीपाशी आली की माझं बोट सोडायची आणि भिंतीवर तळवा टेकवून उभी राहायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, सगळं गाव गप्प होतं तेव्हा हिनं एकटीनं माझी बाजू घेतली. मला वाटायचं ती भिंतीबद्दलच बोलतेय. ताई, ती तुझ्याबद्दल बोलत होती.

आज पथकाला चहाला पाठवलं आणि रसायन लावून मी स्वतः ब्रश घेतला. उजवीकडून सुरुवात केली असती तर 'माझी आई चोर' उरलं असतं. म्हणून आधी 'चोर' काढला. मागे होऊन पाहिलं तर 'माझी आई नाही' असं राहिलं होतं. तेही बघवेना, मग 'नाही' घासला. आता दोनच शब्द आहेत आणि पुढे माझा हात जात नाही.

तुझ्याशिवाय हे काम बंद होणार नाही. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, स्टँडवर गाडी घेऊन येतो.

वाट पाहतोय, एवढ्यावरून काय ते ओळख.

तुझा,
भोपळ्या

दि. ५ जुलै

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. खांदा असा ठणकतोय की भाऊजींनी विचारलं, भावाकडे गेली होतीस की तालमीत. तू म्हणे शासकीय ब्रश बाहेरच्या माणसाच्या हाती देता येत नाही आणि दिलास तर खरा! 'माझी' मी काढला आणि 'आई' तुझ्यासाठी ठेवला, तर साहेब अख्ख्या पथकासमोर ढसाढसा रडले. मीच हात धरून काढून घेतला तुझ्याकडून. तू सहा महिन्यांचा असतानाही असाच तोंड वाकडं करून रडायचास.

परत निघताना मी भिंतीवर तळवा टेकवला, ते तू पाहिलंस आणि पाहिलं नाहीस असं दाखवलंस. ऊन लागून ती गरम झाली होती.

पूर्ण वाळल्यावर कशी दिसते ते कळव. दोघांनाही सांभाळ, स्वतःला आणि माझ्यावरच्या मायेला.

तुझी,
ताई