तीर्थरूप मावशीस

वैशाली, गाझियाबाद
रविवार, ११ जानेवारी

तीर्थरूप मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मायना चुकला आहे, दिसतंय मला. तीर्थरूप फक्त आई-वडिलांना, बाकी वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हे तूच आठवीत माझ्याकडून घोकून घेतलं होतंस, पत्रलेखनाचे गुण जाऊ नयेत म्हणून. कागद बदलणार होते, पण राहू दे. कशी चूक झाली ते पुढे येईलच.

इकडे मी ठीक आहे. थंडी मी म्हणते आहे. सकाळी खिडकीबाहेर काही म्हणजे काही नसतं. समोरची इमारत अकराच्या सुमारास हळूहळू परत येते. तुझे डिंकाचे लाडू पुरवून पुरवून खाते आहे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, त्यागी आंटी, गाजराचा हलवा पाठवतात आणि भांडं परत द्यायला गेलं की पुन्हा भरून देतात. त्यामुळे माझ्या जेवणाची काळजी करू नकोस.

सूर्यकांतमामांचा फोन आला होता. महिनाअखेरीस तू मिरजेचं बिऱ्हाड आवरून त्यांच्याकडे जळगावला जाणार, असं म्हणाले. परवाच आपण दोघी फोनवर बोललो, त्यातला निम्मा वेळ तुझ्या गॅसच्या शेगडीवर गेला, आणि हे तू सांगितलं नाहीस. मामा म्हणाले, बरंच आहे ना. मीही म्हटलं, हो, बरंच आहे. मग फोन ठेवला आणि बराच वेळ हातात हलव्याचं भांडं घेऊन उभी होते.

असो. क्लासचं सांगते. दिल्लीत राजेंद्रनगरला जिन्याखालची ती खोली, तू फोटोत पाहून 'इथे हवा कुठून येते' म्हणाली होतीस, तिथेच अजून चालू आहे. स्पर्धा परीक्षेला मानसशास्त्र घेतलेली आपली मराठी मुलं येतात. वाशीमची तेजश्री आहे, सटाण्याचा ऋग्वेद आहे. या आठवड्यात तीन बुवांची तुलना शिकवली: फ्रॉइड, युंग, ॲडलर. आधी तिघे एकाच घरात नांदले, मग तिघांची तोंडं तीन दिशांना झाली. कंटाळू नकोस, थोडं ऐक. मला खरं जे सांगायचंय, त्याची वाट तिथूनच जाते.

मनाचा जो भाग आपल्याला कळत नाही, त्याला मराठीत किती छान शब्द आहे बघ, नेणीव. जाणीव आणि नेणीव. मुलांना हा शब्द सांगितला की ती लगेच समजतात, इंग्रजी शब्दाला मात्र अडखळतात. त्यांना उदाहरण हवं होतं, म्हणून मी एक स्वप्न सांगितलं. म्हटलं, समजा एक बाई आहे. महाराष्ट्रातली, दिल्लीकडे राहणारी.

त्या बाईला वरचेवर एकच स्वप्न पडतं. दुपार असते. सगळीकडे धुकं, घरातसुद्धा, भांड्यांच्या फळीपर्यंत. दाराची घंटा वाजते आणि जिन्यातून कुणीतरी म्हणतं, "आई." बाई दाराकडे निघते, पण बोळ लांबत जातो. दोरीवर चादरी वाळत घातलेल्या असतात, एक बाजूला केली की दुसरी. चादरी ओल्या, आणि त्यांना आपल्या मिरजेच्या विहिरीच्या पाण्याचा वास. दार काही येत नाही.

यातलं 'आई' कुठून आलं ते मला ठाऊक आहे. खाली घंटा वाजली की त्यागी आंटी चपला फटफटवत ओरडतात, "आई, आई!" हिंदीत त्याचा अर्थ एवढाच, आले, आले. इथे इतकी वर्षं झाली, हिंदी बोलून बोलून माझ्या मराठीत 'अच्छा' आणि 'चलो' शिरलं, तरी तो शब्द कानावर आला की मी दचकतेच.

ऋग्वेद म्हणाला, "मॅडम, फ्रॉइड म्हणेल, ही दाबून टाकलेली इच्छा. लहानपणी काहीतरी मागायचं राहून गेलंय. ते उघड येऊ शकत नाही, म्हणून वेष बदलून येतंय. चादरी म्हणजे पहारेकरी."

मी म्हटलं, "बिल्कुल. आणि युंग?"

"युंग म्हणेल, ही एकट्या बाईची आई नाहीच. माणसाच्या जुन्या, सगळ्यांच्या सामायिक नेणिवेत एक आई आहे, ती दाराशी आलीय."

मला हे ऐकायला बरं वाटलं. सगळ्यांची आई म्हटलं की आपल्यावर काही येत नाही. मग तेजश्री म्हणाली, "मॅडम, ॲडलर मागे काय झालं ते फार उगाळत बसणार नाही. तो विचारेल, बाईला उद्या काय करायचंय, आणि ते टाळायला तिला या स्वप्नाचा काय उपयोग होतोय. बोळ लांबतोय म्हणजे तिलाच दार उघडायचं नाहीये."

वर्गात सगळे हसले. मी फळा पुसायला वळले आणि कोराच फळा पुसत राहिले.

मुलांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. बुधवारी मेट्रोत, यमुना ओलांडताना, मला बसल्या बसल्या डुलकी लागली. खिडकीबाहेर नदी नव्हती, नुसतं पांढरं होतं. तेच स्वप्न पडलं, पण या वेळी चादरी संपल्या आणि दार उघडलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की दारात फोटोतली आई असणार, देवघराशेजारच्या फोटोतली, जिला तू रोज सकाळी आधी फूल वाहतेस आणि मग चहा घेतेस. ती नव्हती. तू होतीस. तुझा तो कोपरावर रफू केलेला स्वेटर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, हातात लाडवांचा डबा. म्हणालीस, "अगं, किती वेळ घंटा वाजवतेय." वेषांतर वगैरे काही नाही. फ्रॉइडबुवांचं नुकसानच झालं म्हणायचं.

जागी झाले तेव्हा माझं उतरायचं स्टेशन, राजेंद्र प्लेस, मागे गेलं होतं आणि मी रडत होते. शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

बाबांशी लग्न होऊन तू आपल्या घरी आलीस तेव्हा मला जवळ बसवून म्हणाली होतीस, "तुझी आई आहे, ती आहेच. मला मावशी म्हण." मी म्हटलं, आणि ते आपल्याला छान जमलं. तेव्हा तसंच बरोबर होतं, आजही मला त्यात काही वावगं दिसत नाही. पण मामांनी फोनवर आणखी एक सांगितलं, ते मी वर लिहायचं टाळलं. तू त्यांना म्हणालीस, "हे होते तोवर कादंबरी माझी लेक होती. आता तिच्या गळ्यात कशाला पडू?" मावशी, या वाक्याचा मला फार राग आला. अजून आहे. बाबा गेले म्हणून मी तुझी कोण ते संपलं, हे तू परस्पर कसं ठरवलंस? मला विचारायचं तरी.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. जळगावला जाऊ नकोस. इकडे ये, माझ्याकडे राहायला, पाहुणी म्हणून नाही. खोटं कशाला सांगू, इथली हवा वाईट आहे, जिना चढायला लागतो आणि भाकरीचं पीठ मनासारखं मिळत नाही. पण मागची खोली रिकामी आहे, दुपारी तिथे ऊन येतं, आणि मला तू हवी आहेस. फोटोही घेऊन ये. रोजचं फूल इथेही मिळेल, त्यागी आंटींच्या कुंड्या आहेत.

मायना आता मुद्दाम तसाच ठेवते. हाताला आधी कळलं, मला चिठ्ठीच्या या टोकाला येऊन कळलं. तुझ्या नियमातही तो बसतो, बघ.

एकच अडचण आहे. इथली घंटा खाली फाटकाशी आहे, आणि तुला हिंदी येत नाही म्हणून तू परक्या दारात गप्प उभी राहतेस. आंटी आतून विचारतील, "कौन?" तू घाबरू नकोस. फक्त म्हण, "मैं आई."

दोन्ही भाषांत ते खरं असेल. मी वरून ऐकेन आणि दार उघडायला खाली येईन.

तुझी मुलगी,
कादंबरी