लाल मांडवातला तुझा रंग

चंद्रे,

सोमवारी तुझं वर्षश्राद्ध. तुझ्या घरच्या त्या फोटोपुढं हात जोडाचं माझ्या जिवावर आलं, म्हणून आधी तुलेच लिहून राह्यली.

तुझ्या पोरानं मारेगावच्या स्टुडिओतून तुझा फोटो मोठा करून आणला. पाह्यते तं कोण ही गोरी बाई? जन्मभर काळी म्हणून सासरची बोलणी खाल्ली, अन् मेल्यावर पिठासारखी पांढरी झाली! वर्षभर डोळे मिटले की तीच येते. गुमान उभी राह्यते. सख्ख्या बहिणीचा चेहरा आठवाले जाते, तं हिचाच समोर. मले भेव वाटलं, की तू आता कायमची गेली.

परवा नात यवतमाळहून आली. तिनं मोबाईलवर मंगळावरच्या एकाच दगडाचे दोन फोटो दाखवले. एक तांबूस, दुसरा आपल्या वावरातल्यासारखा.

"यातला खोटा कोणता?"

"कोणताच नाही, आजी. तिथं आभाळात धूळ, म्हणून उजेडच तांबूस. दुसरा आपल्या उजेडात दिसला असता, तसा जुळवला."

"पाह्याले कोण गेलतं?"

"यंत्रावर रंगाच्या चकत्या लावून पाठवतात. त्यांचा खरा रंग इथं माहीत असते. फोटोत त्या कशा उतरल्या, त्यावरून बाकीचं दुरुस्त करतात. व्हाइट बॅलन्स म्हणतात त्याले."

मी उठली, पेटी उघडली. तुझा मूळ फोटो माझ्या पोरीच्या लग्नातला. लाल मांडवाखाली आपण दोघी, सगळंच लालभडक. स्टुडिओवाल्यानं मले कापलं अन् तुले धुतलं. पण मी नेसलेलं मोरपंखी लुगडं पेटीत होतं. म्हटलं, "घे तुझी चकती."

अंगणात उन्हात लुगडं पसरलं. नातीनं मूळ फोटो मोबाईलमध्ये घेतला, अन् लुगड्याकडं पाहत रंग सरकवत गेली. लुगडं लुगड्याशी जुळलं, अन् शेजारी तू निघाली. तव्याच्या बुडासारखी. स्टुडिओवाल्यानं डाग समजून पुसलेलं हनुवटीवरचं गोंदणही हिरवं वर आलं. मी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. तू पाहून राह्यली होती.

तुझ्या पोराले तो पाठवला, तं फोनवर म्हणते, "मावशी, तो अंधारा फोटो लोकांपुढं कायले?"

"तुझी माय आहे, ट्यूबलाइट नाही."

पण चंद्रे, तोंडाले हळद-साय कोणासाठी चोळत होती? सासूसाठी, की तुलेच गोरं व्हायचं होतं? कधी बोलली काहून नाही?

सोमवारी त्या गोऱ्या बाईले मी माझ्या हातानं खिळ्यावरून उतरवीन, अन् तुले लावीन. मग डोळे मिटल्यावर तू आली, तं बरं. तीच आली, तं समजीन, तुले तीच आवडली. गुमान परत टांगीन.

तुझी थोरली,
बायजा