पिंजाऱ्याची तात

दुसरी गाठ मारताना तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाहीत, नाना. सुताचा दोरा माझ्या उजव्या अंगठ्याभोवती फिरवलात, तारांखालून काढून वाद्याच्या पेटीच्या कमरेला आवळलात आणि म्हणालात, "आता हालव." अंगठा हलला नाही. "वाजव." मी तर्जनी उचलली. ती खालच्या तारेला लागण्याआधीच सगळ्यात वरची तार वाजली.

"हे तू वाजवली?"

"अंगठा तं तुमीच बांधला. कशी वाजवू?"

"मंग कोनं वाजवली?"

"मले का मालूम."

असल्या उत्तराला एरवी तुमचा हात उठायचा. त्या दिवशी तो माझ्या अंगठ्यावरच राहिला. अमरावतीची दुपार होती, मधल्या खोलीत आपण दोघंच होतो. बाहेर कोणी नव्हतं. तुम्ही उठून दार लावून घेतलंत, आणि परत येऊन म्हणालात, "पुन्हा."

ते वाद्य तुम्ही अकोल्याहून आणलं होतं. कापसाच्या प्रेसचा साहेब मुलूख सोडून गेला, घरातलं सामान विकायला निघालं, त्यात हे. तुम्हाला वाटलं, माझ्या लहान हातांसाठी कोणीतरी लहान सतार केली आहे. त्याला युकुलेले म्हणतात हे तिथल्या मिशन दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. त्यांनी ते छातीशी धरून दाखवलं. कोपराखालचा हात पेटीवर दाबायचा, डावा अंगठा वाद्याच्या गळ्याच्या पाठीला नुसता टेकवायचा, मुठीत आवळायचं नाही. "दुधपितं लेकरू धरता ना, मास्तर, तसं." बोटांचं सांगणार तेवढ्यात त्यांना आत बोलावणं आलं. तुमची गाडीची वेळ झाली. म्हणून धरणं त्यांचं आणि बोटं तुमची, असं मी शिकले.

तुमची बोटं सतारीची. सतारीला उजवा अंगठा कडेला रोवलेला असतो, तो वाजवत नाही, हाताला जागा देतो. तुम्ही माझा अंगठा तसाच रोवलात. मधल्या दोन तारा तर्जनीला दिल्यात, खालची मधल्या बोटाला. वरची तार आणली तेव्हाच तुटलेली होती. तिच्या वाट्याला बोट उरलं नाही, तेव्हा तुम्ही ठरवून टाकलंत की ती तरफेची असणार. सतारीत पडद्यांखाली तरफेच्या तारा असतात, त्यांना कोणी छेडत नाही, वरचा सूर लागला की त्या आपोआप बोलतात. "हे तशीच," तुम्ही म्हणालात. "इले हात लावायचा नाही. हे आपलीआपण बोलन."

दोन घरं सोडून पिंजारी राहतो. तुम्ही तुटकी तार घेऊन त्याच्याकडे जाता, मी मागे. खोलीभर कापूस उडतो आहे, त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत, आणि पिंजणाच्या धनुकलीची आतड्याची तात छपराखाली दोनदोनदा घुमते आहे. तो जुन्या तातीचा तुकडा कापून देतो. "मास्तर, इस तांतने जिंदगीभर रुई खाई है. गाना हजम नहीं हुआ तो मेरे पास मत आना." मग माझ्याकडे वळून, "बेटी, मास्तर तेरे को भी ऐसाच धुनकते क्या?" तुम्ही हसता. तुम्हाला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

ती तात बसवली त्याच आठवड्यात कोनाड्यातलं वाद्य घुमायला लागलं. तिकडे त्याने पिंजणावर ठोका दिला की इकडे वरची तार हुंकार द्यायची. मी घाबरले. तुम्ही मला शाळेतल्या मुलांना समजावता तसं समजावलंत. एका आतड्याच्या दोन तारा, एकीला बोलवलं की दुसरी ओ देते. माझं बोट धरून तारेवर ठेवलंत. ती मधमाशीसारखी थरथरत होती. मला ते पटलं, आणि पटल्यावर आवडलंही.

थंडी सरली, पिंजारी दुकान बंद करून चांदूर बाजारला लेकीकडे गेला. तिथेच तो वारल्याचं बाजाराच्या दिवशी कळलं. तुम्ही आल्यावर पायही न धुता कोनाड्यापुढे उभे राहिलात. तार घुमत होती. दोन ठोके, मग थांबणं, मग दोन ठोके. त्यानंतर मला तुम्ही कधी काही समजावलं नाहीत.

तोपर्यंत ती माझ्या सुरामागून बोलायची. आता आधी बोलू लागली. तुम्हाला वाटलं माझा अंगठा चोरटा आहे, म्हणून तो दोरा. दोऱ्यानंतर तुमचं शिकवणंच बदललं. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसत होतात. माझं मनगट खाली पडलं की वरची तार गप्प होई, कोपर पेटीवरून सुटलं की गप्प, बोटं गळ्याच्या मुळापाशी न राहता पेटीच्या भोकाकडे सरकली की गप्प. मग तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "मनगट." मनगट उचललं की ती बोलायची. तुम्ही मला शिकवत नव्हतात, नाना. तिचं सांगणं माझ्यापर्यंत पोचवत होतात. मला ते तेव्हाच कळत होतं, आणि माझा हात फार चांगला तयार झाला.

तुमच्या शेवटच्या तापात मी उशाशी वाजवत होते. तुम्ही म्हणालात, "अंगठा सोडला तरी चालते आता." तुमची सून, माझी वहिनी, म्हणाली, "बरळून राहिले."

तुम्ही गेल्यावर मी वाद्य अकोल्याला सासरी आणलं. बाकीच्या तीन तारा कितीदा बदलल्या. तात तीच आहे. इथल्या उन्हाळ्यात लाकडी दारं चिरतात, तिला काही होत नाही. फक्त तिचं बोलणं वेगळं झालं. दोन ठोके गेले. आता एकच ठोका, तोही उशिरा. प्रश्न विचारून तुम्ही वर्गात थांबायचात, मुलगा चुकणार हे ठाऊक असूनही थांबायचात, तेवढ्या उशिराने. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी मनगट आपोआप सरळ केलं.

काही वर्षांनी इथल्या मिशन शाळेतल्या एका बाईंनी मला वाजवताना पाहिलं आणि हसू आवरेना त्यांना. "वरच्या दोन तारा अंगठ्याच्या असतात, वहिनी. तुमी तं एक तार फुकटच पोसून राहिल्या." त्यांनी दाखवलं. अंगठा मोकळा, खाली उतरून वरच्या तारेला हलका घसरणारा. सोपं होतं ते. मी मान डोलावली आणि घरी येऊन अंगठा पुन्हा कडेला रोवला. त्या जागी बोट आलं तर तिथे जे कोणी आहे त्याने जायचं कुठे, एवढंच माझ्या मनात आलं.

आता शेजारची मुलगी आहे. दहा-अकरा वर्षांची, हात लहान, कान चांगला. माझी बोटं आखडली आहेत, म्हणून वाद्य तिला द्यायचं मी कबूल केलं आहे. उद्या सकाळी तिचा पहिला धडा. तिचा अंगठा बरोबर बसवला, तर ती जागा भरेल आणि तुमचं थांबणं मला पुन्हा ऐकू येणार नाही. तुमच्यासारखा बसवला, तर मी ऐकत राहीन, आणि ती पोर जन्मभर अधू हाताने वाजवेल, माझ्यासारखी. हे कोणाला विचारणार? तुम्हाला विचारायला बसले. संध्याकाळपासून वाद्य मांडीवर आहे आणि तार गप्प आहे, माझं मनगट सरळ असूनही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक लिहून ठेवते. तुम्ही अंगठा सोड म्हणालात तेव्हा तुम्ही बरळत नव्हतात. मला ते माहीत होतं. तरी मी वहिनीला हो म्हटलं.

आज सकाळी मुलगी आली. मी वाद्य तिच्या छातीशी दिलं, कोपर दाबून बसवलं, आणि अंगठा वरच्या तारेवर ठेवायला सांगितलं. तिने ठेवला आणि लगेच उचलला.

"आजी, हे तार गरम कावून हाये?"

मी हात लावून पाहिलं नाही. "वाजव," म्हटलं. तिने वाजवली.