गिरणी चालूच राहील

गडमुडशिंगी, मंगळवार

आज दादावर फिल्म काढणारी मंडळी आली. एवढा नावाजलेला लेखक, पण तो जिथं लिहायचा ती आमची पिठाची गिरणी त्यांना पसंत नाही. "ताई, पन्हाळ्यावर बंगला बघितलाय, खिडकीतून दरी दिसते," दिग्दर्शक म्हणाला. दादा कधी बसला खिडकीत? उलट्या डब्यावर वही ठेवून, दळता दळता लिहायचा. मी सरळ सांगितलं, "पावणं, हितंच करायचं. न्हायतर आमचं नावबी घेऊ नका." शेवटी कबूल झाले, पण उद्या गिरणी बंद ठेवा म्हणे, आवाज येतो. आवाज येतो! त्याच आवाजात दादाची सगळी पुस्तकं झाली की. डबा जागेवर उलटा ठेवलाय. आणि आज आलेली सगळी दळणं मुद्दाम उद्यावर ठेवलीत.