फाटक राहू दे तसंच

ओहायो, ३ जून १८७४

चि. एनॉक यास हल्डाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा आयोवाचा मका शेतात वाढतोय, की नुसता पत्रातच?

पुढच्या शनिवारी शेतकरी मंडळाची फेरी आमच्याकडे आहे. रीत तुला ठाऊकच. सगळं शेत पायाखाली घालायचं, मग अक्रोडाखाली बसून एकेकानं नावं ठेवायची, आणि यजमानानं ब्र न काढता ऐकायचं. मग जेवण. तुझ्या भाऊजींना, रूबेनना, केवढी हौस! खोकत खोकत गोठ्याला चुना लावताहेत.

पण एनॉक, पुढचा उन्हाळा काही हे बघायचे नाहीत, असं डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलंय. ह्यांना मी कळू दिलेलं नाही. अशा माणसाला कुणी टाकून बोललं तर मला सोसवायचं नाही. म्हणून घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं आणि हात जोडले, की शनिवारी गोडच बोला. शेजारचे टटलकाका गेल्या वर्षी आमच्या तणावर तासभर बरसले होते. त्यांनीसुद्धा मुकाट मान हलवली. बरं केलं ना मी? जीव टांगणीला लागलाय. लोभ आहेच, उत्तर लवकर कळव.

तुझी ताई


आयोवा, ९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि. मका गुडघ्याच्या वर आहे, टोमणे पुरेत.

रागावू नकोस, पण तू चुकलीस. लहानपणी माझ्या औषधात तू साखर घालायचीस, तेव्हाच मला कळायचं की औषध जालीम आहे. भाऊजी काय दूधखुळे आहेत? शेजाऱ्याच्या शेताला शेतकरी कधी चांगलं म्हणतो का? अजून वेळ असेल तर परत घरोघर जा. भाऊजींना नमस्कार. माया कमी करू नकोस.

एनॉक


ओहायो, १९ जून

चि. एनॉक यास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मका छान, गाई छान. एका बिजागरीवर लोंबणारं आमचं फाटक, त्यालाही कुणीतरी भक्कम म्हणालं! ह्यांचा चेहरा उतरत गेला. टटलकाका बोलायला उठले आणि हॅट चाचपत तसेच खाली बसले. मंडळी गेल्यावर ह्यांनी मला एवढंच विचारलं, की डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत. मी मेलीनं हे काय केलं रे! मग हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

काल सकाळी फाटकाशी आरडाओरडा. टटलकाका! तुमच्या तणाचं बी माझ्या गव्हात उडतंय, हे फाटक आहे की फाशी दिलेला चोर, पुढच्या वर्षी असलं चालायचं नाही, म्हणून गरजत होते. हे ताडकन उठले आणि आधी स्वतःची डुकरं आवरा, म्हणून खिडकीतून ओरडले. अर्धा तास जुंपली. पुढच्या वर्षी, हे शब्द ऐकून मी एप्रनमध्ये तोंड खुपसून रडले. आता हे रोज मला शेतातून फिरवतात आणि कुठं काय चुकलंय ते दाखवतात. आठवण ठेव.

ताई


ओहायो, १४ जून १८७५

चि. एनॉक यास आशीर्वाद. वि. वि. मार्चमध्ये ह्यांना पोचवायला तू आलास, त्याचा फार आधार वाटला.

शनिवारी मंडळ आलं. एकट्या बाईशी गोड बोलून, जेवून जातील असंच मला वाटत होतं. तसं झालं असतं तर शेत विकायचं मी ठरवून टाकलं होतं. पण टटलकाका उठले ते तासभर बसलेच नाहीत. मका दाट पेरलाय, तण माजलंय, आणि बाई, हे फाटक! मी यजमानासारखी मान खाली घालून ऐकलं. डोळे वाहत होते, पण ब्र काढला नाही.

शेत विकत नाही. नवी बिजागरी गेल्या वर्षीच आणलेली आहे रे. पण जाताना ह्यांनी बजावलं होतं, की फाटक राहू दे तसंच, टटलला बोलायला काहीतरी लागतं.

तुझ्या मक्याला नावं ठेवायला येईन. तोवर लोभ असू दे.

तुझी ताई, हल्डा