समोरच्या घरातले शनिवार

१७ नोव्हेंबर २००२, रविवार
ओवीच्या तळहाताला चार टाके.

माझ्या वर्कशॉपमध्ये लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस तिला चकचकीत दिसला, तिने मूठ भरून उचलला. मी दहा पावलांवर ड्रॉइंग बघत होते. मशिनवरचे गायकवाडमामा ओरडले तेव्हा कळलं. कीस बाजूला झाडून ठेवायला मीच सकाळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वीज शनिवारी बंद, म्हणून सगळ्या वर्कशॉपांची सुट्टी शनिवारी. पाळणाघराची सुट्टी रविवारी. सुनील इथे होता तोवर जमत होतं, ओझरच्या कारखान्याला रविवारची सुट्टी, रविवारी ओवी त्याची. आता तो सहा महिने ट्रेनिंगला बंगळूरला. रविवारी ओवीला घेऊन मशिनींमध्ये यायचं, दुसरं काय करणार होते?

डॉक्टर म्हणाले, आई कुठे होती. मी म्हटलं, मीच आई. 

१८ नोव्हें., सोमवार
पाळणाघरवाल्या बाईंनी पट्टी बघून हात जोडले. टाके निघेपर्यंत घेणार नाहीत. दिवसभर ओवी ऑफिसच्या टेबलाखाली. संध्याकाळी सासूबाईंचा सटाण्याहून फोन. सुनीलसाठी काल निरोप ठेवला होता, त्यानेच कळवलेलं दिसतंय. माझ्याशी बोलायच्या आधी आईशी बोलला! बुधवारी येतायत.

२० नोव्हें., बुधवार
सासूबाई आल्या, जेवल्या, ओवीचे कपडे पिशवीत भरायला लागल्या. मला कोणी विचारलं नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण विचारलं. मीच हो म्हटलं.

पंधरा जानेवारीपर्यंत फिक्स्चरचा नमुना पास झाला पाहिजे. ड्रिलिंग करताना भोक पाडायचा तुकडा पक्का धरून ठेवतं ते फिक्स्चर. साधी गोष्ट, पण पहिल्यांदा कंपनीने ती थेट मला दिलीय, मधला कोणी नाही. तीन वर्षं दुसऱ्यांची उरलीसुरली कामं केली. ही हुकली तर पुन्हा तेच. म्हणून हो. दोन महिने फक्त.

सासूबाईंचं म्हणणं, "मना सुनीलबी आजोळलेच मोठा व्हयना." झाला, हे खरं. अजूनही आईलाच आधी फोन करतो, हेही खरं.

२३ नोव्हें., शनिवार
सकाळच्या एसटीने सटाणा. ओवी धावत येऊन मिठीत. दिवसभर कडेवरून उतरली नाही, मोरीतसुद्धा बरोबर. चारला निघाले तर पदर धरला. सासूबाईंनी बोटं एकेक करून सोडवली. गल्लीच्या टोकापर्यंत तिचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर...

२५ नोव्हें., सोमवार
ओवीला ताप. जेवत नाही. सासूबाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "पोर रुळी जाई. तू महिनाभर तोंड दखाडू नको."

आमच्याकडे सगळे हेच सांगतात. माझ्या आईनेही हेच सांगितलं. आजीकडे ठेवलेल्या मुलाला आईने सारखं तोंड दाखवायचं नाही, मूल रुळत नाही. सगळ्यांची पोरं अशीच वाढली म्हणे. कशी वाढली ते कोण सांगणार, पोरांना कोणी विचारलंय का?

३० नोव्हें., शनिवार
राहवलं नाही. गेले.

सासूबाईंच्या घरी नाही गेले. समोरच्या वंदनाकाकूंकडे मागच्या दाराने शिरले. त्यांच्या माडीच्या खिडकीतून आमचं अंगण पूर्ण दिसतं. काकूंनी खुर्ची दिली, पडदा अर्धा ओढला, जणू रोज कोणी ना कोणी येऊन असं बसतंच.

ओवी अंगणात कोंबडीच्या मागे. पट्टी गेलीय. लाल स्वेटर उलटा घातलाय. दोन तास ती मला दिसत होती. काकू खालून विचारायच्या, "दखास का?" मी हो म्हणायचे. एकदा तिने वर बघितलं, मी पटकन भिंतीला चिकटले. चोरी करताना सापडल्यासारखी. माझी पोर, आणि मीच चोर.

सासूबाईंना माहीत आहे. काकूंनी सांगितलं असणारच. 

७ डिसेंबर, शनिवार
पुन्हा खिडकी. आज ओवी फार हलली नाही. ओट्याच्या पायरीवर बसून होती, आमच्याच बाजूला तोंड करून. ऊन खात असेल. सासूबाईंनी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून भरवली, सगळी खाल्ली. माझ्याकडे एक घास खायला अर्धा तास लावते. आनंद व्हायला हवा. जळफळाट झाला.

११ डिसें., बुधवार
नमुना परत. एक भोक केसभर सरकलेलं. मोजमाप मीच घेतलं होतं, गायकवाडमामांनी नाही, त्यामुळे कोणावर चिडायची सोयही नाही. मामा म्हणाले, मॅडम, तुमचं अर्धं डोकं सटाण्याला असतं. खरं आहे. आणि सटाण्याला असते तेव्हा अर्धं डोकं इथे. एक ना धड, भाराभर चिंध्या.

१४ डिसें., शनिवार
तिसरा शनिवार खिडकीत. थंडी मरणाची. ओवी पायरीवर, तशीच बसलेली. रडत नाही, खेळत नाही. सासूबाईंनी आत बोलावलं तर मान हलवली. काकूंच्या मागच्या दारात सासूबाई मला भेटायला आल्या, पहिल्यांदाच. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "पोर रडत नही, तू कसाले रडस?" रागाने नाही म्हणाल्या. पाठीवरून हात फिरवला, तो मला सहन होईना.

२१ डिसें., शनिवार
गेले नाही. जनरेटर भाड्याने आणून मशिन चालवलं. मामा सुट्टी सोडून आले, त्यांच्या बायकोने आम्हां दोघांचा डबा दिला.

दुपारी लक्षात आलं, दोन तासांत ओवीची आठवण आली नव्हती. बरं वाटत होतं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी खोटं बोलू शकणार नाही. मला काम करताना बरं वाटतं. ओवी नसताना बरं वाटलं. मी कसली बाई आहे?

२८ डिसें., शनिवार
आजही जनरेटर.

४ जानेवारी २००३, शनिवार
फोन केला. सासूबाईंनी ओवीला हाक मारली, आई बोलतेय म्हणाल्या. ओवी आली नाही. खेळतेय म्हणे. मागे तिचा आवाज येत होता, कोंबडीला अहिराणीत रागवत होती. अगदी सासूबाईंसारखा सूर.

सुनीलला फोन. तो म्हणाला, बघ, रुळली. चांगलंच झालं ना? मी फोन ठेवून दिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, आणि याला सगळं चांगलंच दिसतं.

१४ जाने., मंगळवार, संक्रांत
नमुना पास. एका दिवसाच्या फरकाने. कंपनीचे साहेब म्हणाले, चांगलं काम आहे, पण माल आम्हाला दुप्पट वेगाने लागेल, मार्चपर्यंत दोन पाळ्या चालवा. सोमवारपर्यंत सांगा. मामांनी मशिनला हळदकुंकू लावलं, तिळगूळ ठेवला. मीही हसले.

दोन पाळ्या म्हणजे मी सकाळी सात ते रात्री अकरा. दोन महिन्यांचे चार महिने. हे मी ऐकताक्षणी मोजलं आणि तरी साहेबांना नाही म्हटलं नाही.

१८ जाने., शनिवार, सटाणा
हे सासूबाईंच्या ओट्यावर बसून लिहितेय.

आज ओवीचं बोरन्हाण. या वेळी पुढच्या दाराने आले. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. गल्लीतली पोरं बोरं वेचायला टपलेली. सासूबाई म्हणाल्या, आईच्या मांडीवर बस. ओवी आली, बसली. रडली नाही, बिलगली नाही. पाहुण्या बाईच्या मांडीवर बसतात तशी, पाठ ताठ. बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओतले तेव्हा सगळी पोरं तुटून पडली, ती तशीच बसून राहिली.

बायका गेल्यावर तिने माझं बोट धरलं. मला वाटलं, आता. तिने ओढत ओट्यावर नेलं आणि समोरची माडी दाखवली.

"आई तठे लपस."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? कोणी नाही. तिला दिसायचं. पडद्याखाली माझे हात दिसायचे, बांगड्या. ती रोज बघायची म्हणे, शनिवार कुठला ते तिला कसं कळणार. मी नव्हते त्या दिवशीही पायरीवर बसून बघायची.

मी म्हटलं, मग हाक का नाही मारलीस?

"हाक मारी का तू चालनी जास."

सहज म्हणाली. गाऱ्हाणं नाही, काही नाही. पहिल्या शनिवारी ती ओरडत राहिली आणि मी गेले. एवढंच तिने त्यातून शिकून ठेवलंय. हाक मारली की आई जाते, गप्प बसलं की खिडकीत येते. म्हणून ती गप्प बसली. आम्ही सगळे त्याला रुळली म्हणत होतो.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. आत जाऊन चूल फुंकत बसल्या. मग म्हणाल्या, पिशवी भरून देऊ का? मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. उद्या रविवार, पाळणाघर बंद, मामा आठला कुलूप उघडणार. सोमवारी साहेबांना सांगायचंय.

साडेचारच्या गाडीला अजून तासभर आहे. ओवीचे कपडे दोरीवरच आहेत. मी इथे तिच्या मागे चार हात अंतरावर बसलेय, आणि ती पायरीवर बसून समोरच्या खिडकीकडे बघतेय. मला हाक मारत नाही.